लूमला टांगलेली डबी

दुपारी लाइट गेली की आमच्या गल्लीतले कापड विणायचे सगळे लूम एकदम थांबतात आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मला ती सोसत नाही.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होतो. दिवाळीच्या साफसफाईत शिशाची एक जड डबी मीच भंगारात दिली. तिच्यात किरणोत्सर्गी पदार्थाची बारीक चकती होती, हे सहा महिन्यांनी यादी तपासताना कळलं. भंगारवाल्याकडून माग काढत प्रयोगशाळेचे प्रमुख सर आणि मी एका लूमच्या शेडमध्ये पोचलो. त्या खडखडाटात किरणं मोजायच्या यंत्राचा आवाज ऐकू येईना, म्हणून लूम बंद करायला लावले. मग कोपऱ्यातल्या लूमपाशी यंत्र टिकटिकायला लागलं. सूत ताणून धरायला डबी वजन म्हणून टांगली होती. झाकण नव्हतं. शेजारीच कारागिराची गोधडी अंथरलेली.

"बोलू नकोस काही," सर पुटपुटले.

डबी काढताना म्हातारा कारागीर कळवळला, "साब, कपड़ा ढीला आएगा."

मी बाहेरून एक वीट आणून टांगली. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "शुक्रिया, बेटा."

मी हात सोडवून घेतला आणि सरांच्या मागोमाग बाहेर पडलो.