गुंड्याची हद्द

कोकणातला असूनही भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जायचो. भित्रा म्हणून नव्हे (तो तर मी आहेच), खरंच पटायचं नाही म्हणून. त्यामुळे हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय. शाळा नववीत सुटली, चुका सांभाळून घ्या.

दादर पूर्वेला एका जुन्या तीनमजली इमारतीत, तळमजल्यावर काकूंकडे मी कामाला असतो आणि राहतोही. काकू बँकेतून रिटायर झालेल्या, एकट्या. माझं गाव कुडाळच्या पुढे. इथे कोणी ओळखीचं नव्हतं, तेव्हा त्यांनी मला खोली दिली, स्वतःसोबत जेवायला बसवलं... ते कसं विसरू?

घरापुढे छोटी बाग आहे. तिची भिंत गटाराच्या कामात पाडली, ती परत कोणी बांधलीच नाही. आणि काकूंचा कुत्रा गुंड्या — मोटारसायकल दिसली की रस्त्यावर! एकदा एक स्कूटरवाला पडला. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "परत बाहेर दिसला तर कुत्रा इथे राहणार नाही." काकू म्हणाल्या, "मग मीही लेकीकडे पुण्याला जाते." आणि मी कुठे जाणार?

बागेच्या कडेला फक्कीची पांढरी रेष मारली. लांब दोरी बांधून गुंड्याला रेषेपर्यंत न्यायचं, "थांब" म्हणायचं, मागे वळला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मी बघत असलो की साहेब शहाणे. पाठ वळली की पसार. मासळीवाली मावशी हसायची, "कुत्र्याला शाळा शिकवतोस? तू किती शिकलास रे?"

आमच्या गावाकडे हद्द राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. विश्वास नव्हता, पण भीती होती. एका सकाळी कोपऱ्यात नारळ ठेवला आणि म्हटलं, "बा राखणदारा म्हाराजा, ह्या हद्दीच्या भायर गुंड्याचो पाय पडाक देव नको." "व्हय म्हाराजा" म्हणायला दुसरं कोणी नव्हतं, तेही मीच म्हटलं.

त्या दिवसापासून गुंड्या रेषेवर थांबायला लागला. मावशीने पलीकडे बोंबील धरला, तरी नाही! काकूंनी माझी पाठ थोपटली. पण संध्याकाळी फिरायला नेताना, पट्टा लावूनही, तो रेषेवर बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. काकू म्हणाल्या, "ट्रेनिंग जरा जास्तच झालं वाटतं."

मग गुंड्याला ताप भरला. खाईना, उठेना. परळच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायला भरदुपारी टॅक्सी बोलावली. चादरीत गुंडाळून उचलला, सहज उचलला. रेषेपाशी आलो तर तो किंचाळला आणि... कसं सांगू, जड झाला. हातातून खाली सरकला. वॉचमन धावत आला. दोघांनी जोर लावला, पण तिथून पुढे उचलेना. टॅक्सीवाला हॉर्न मारतोय, काकू रडताहेत.

मी गावी वडिलांना फोन लावला. ते हसले नाहीत.

"सोबत कोण असलो तर सोड, असा म्हटलंस काय?"

"नाय."

"मगे तो काय करतलो? तू सांगलंस तसाच करता तो. जा, मोकळीक माग."

टॅक्सीवाल्यासमोर, वॉचमनसमोर हात जोडले. "म्हाराजा, माझा चुकला. आमच्यासोबत असात तेव्हा तेका जाऊ दे." मागून काकू, ज्या देवळातही जात नाहीत, हळूच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

मग मी एकट्यानेच गुंड्याला उचलून टॅक्सीत ठेवलं.

गोचीड ताप निघाला. बरा झाला. डॉक्टर म्हणाले, या तापात सांधे दुखतात, म्हणून उचलल्यावर ओरडला असेल. असेल. पण वजनाचं काय? वॉचमन आजही म्हणतो, "छोड यार, वो बात मत निकाल."

आता गुंड्या एकटा असला की रेषेच्या आत, आणि आमच्यासोबत कुठेही येतो. मला काही उलगडलेलं नाही. एवढंच, की बागेला पाणी घालताना कधीकधी वाटतं, आपल्यासाठीही मागावं... या घरातून मला कुठे जाऊ देऊ नको म्हणून. तोंडाशी येतं. मग गावी एकटे असलेले वडील आठवतात, आणि मी पाण्याचा नळ बंद करून आत जातो.