राह्यली का गेली

पाद्रीपण मी चोरून सोडलं नाही. बिशपांसमोर बसून सांगितलं, "लोकांची पापकबुली ऐकून क्षमेचे शब्द म्हणतो, पण ते म्हणायचा अधिकार मला आहे असं आता आतून वाटत नाही." त्यांनी चहा मागवला. पुढे रोमहून रीतसर परवानगीही आली. इचोड्याच्या लोकांनी मात्र परस्पर ठरवून टाकलं, फादर बाईच्या नादी लागला. बाई कोण, हे मलाही ठाऊक नव्हतं. शाळेतल्या शिक्षिकेशी लग्न झालं ते पुष्कळ नंतर. लोकांना पुरावा उशिराच मिळाला म्हणायचा.

त्याच गावात मी मास्तर झालो. झगा गेला, पण कानात पडलेलं कुठे जातं? बाजारात समोरून कोणी आलं की त्याचं पाप आधी आठवायचं, नाव मागाहून. ते कुणाला सांगता येत नाही, सोडल्यावरही नाही. मला पाहिलं की लोक हायवेकडेला उभ्या ट्रकांमागून निघून जायचे. मला वाटायचं, मी कुठे बोलून बसेन याची भीती वाटत असेल.

चर्चमागे एक म्हातारी राहायची, कापूस वेचायला जाणारी. मी फादर असताना दर महिन्याला कबुलीला यायची आणि तेच एक जुनं पाप सांगायची. दर वेळी मी क्षमा द्यायचो. मी सोडल्यावर तिने माझ्याशी बोलणं टाकलं. मग एका दुपारी तिची सून शाळेत आली. म्हातारी आता जाते, म्हणाली. नवे फादर आदिलाबादला गेलेले. मरणाऱ्याला मात्र सोडून गेलेला पाद्रीही क्षमा देऊ शकतो, चर्चने तेवढी मुभा ठेवली आहे. त्या मुभेचीच मला इतकी वर्षं धास्ती होती.

म्हातारीने सुनेला बाहेर पाठवलं.

"फादर, तुमी काऊन सोडलं ते मले नाई पायजे. येवढंच सांगा, तुमी माफी देल्ली व्हती, ते राह्यली का गेली?"

मला आधी कळलंच नाही.

"सोयरीक मोडली का देल्लेलं वापस नेतेत लोकं. तुमी बी मोडली. मंग माही माफी?"

सदसद्विवेक, सदसद्विवेक म्हणत मी स्वतःची पाठ थोपटत होतो, आणि इथे ही बाई तेवढी वर्षं झुरत होती.

"राह्यली," मी म्हणालो. "ती माझी नव्हतीच, वापस कशी नेईन?"

पाद्री होताना सेमिनरीत पाठ केलेलंच उत्तर होतं हे. त्या खाटेपाशी मात्र ते मला खरं वाटलं.

"मंग एकडाव अजून म्हना."

हात आपोआप वर झाला. शब्द म्हटले. कुठे अडखळलो नाही, याची अजून भीती वाटते. संध्याकाळी ती गेली. काय म्हणाली, असं बायकोने विचारलं. मी सांगितलं नाही.

पुढच्या बाजारी, पूर्वी माझ्याकडे कबुलीला येणारा एकजण नेहमीसारखा ट्रकामागे वळला. मी मागोमाग गेलो. ढाब्याच्या भिंतीशी त्याला गाठलं. कबुलीच्या नियमाने एवढंही बोलायला नको, पण बोललो.

"राह्यली," मी म्हणालो.

काय राह्यली, हे त्याने विचारलं नाही. भिंतीला टेकून तो रडायला लागला.