"बारक्या पोरीला मुंबईला कशाला न्यायची?"

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आज लेक वैशाली आमच्याकडं सांगवीला जेवायला आली होती. आपल्या चार वर्षांच्या पोरीला मे महिन्यात मुंबई दाखवायचा तिचा बेत चालला होता. माझे थोरले दीर, आबा, पंगतीत होते. म्हणाले, "एवढ्या बारक्या पोरीला कशाला न्यायची? तिच्या काय ध्यानात राहणार हाय?"

माझा घास हातातच राहिला. नव्वदच्या दशकात वैशाली पाच वर्षांची असताना घरच्यांची मुंबईची सहल ठरली, तेव्हाही आबा हेच बोलले होते. महिनाभर ती राणीच्या बागेचं आणि समुद्राचंच बोलत होती. निघायच्या सकाळी जीपमध्ये जागा नाही म्हणून आबांनी तिला खाली उतरवलं. त्यांचा तीन वर्षांचा गणेश मात्र पुढं बसलेला. मीही उतरले. आमचे हे तेवढे त्यांच्याबरोबर गेले.

आज मी ऐकून घेतलं नाही. "आबा, तुमच्या गणेशच्या ध्यानात राहणार होतं व्हय?"

"एवढं जुनं कशाला काढतीस? वैशालीला तरी ठाऊक हाय का?"

वैशालीनं ताट बाजूला सारलं. "मला ठाऊक हाय, आबा. जीप वळंपर्यंत मी रस्त्यात उभी होते. तुमी परत बोलवाल असं वाटलं होतं."

आबा हात धुवायला उठले ते तसेच घरी गेले. आता हे म्हणतात, मोठ्या माणसाची माफी माग. मी मागणार नाही. तुम्ही मागितली असती का?