लग्नाच्या वेळापत्रकातलं क्युरिंग

शेजारच्या टेबलावरच्या सावंतांनी मुलीच्या लग्नाचं वेळापत्रक ऑफिसच्याच सॉफ्टवेअरमध्ये केलं. नव्याने कोण मांडत बसणार, म्हणून आम्ही पुलांच्या बांधकामासाठी वापरतो तेच टेम्प्लेट उघडून त्यांनी कामांची नावं बदलली. पायाच्या जागी साखरपुडा आला, स्लॅबच्या जागी लग्न. बायकोसाठी वेगळा व्ह्यू केला. तो उघडला की फक्त तिचीच कामं दिसत.

जेवणाच्या सुट्टीत ते कौतुकाने दाखवत होते, तेव्हा लग्नाच्या खालीच मला पुलाची एक ओळ तशीच राहिलेली दिसली. 'क्युरिंग. रोज पाणी मारणे. भार टाकू नये.'

काँक्रीट आतून पक्कं व्हायला बरेच दिवस लागतात, पण वरून ते लवकर कडक दिसतं आणि लोक बिनधास्त त्यावर सामान रचतात. म्हणून ही ओळ टेम्प्लेटमध्ये कायमची असते. घरांमध्ये ती मी कुठे पाहिली नाही. तिथे नव्या सुनेवर दुसऱ्या दिवसापासून सगळं घर उभं राहतं.

"अहो, ही चुकून राहिली," म्हणत सावंतांनी ती ओळ निवडली. डिलीटवर बोट ठेवून ते जरा थांबले. मग त्यांनी आणखी एक व्ह्यू केला, त्यात तेवढी एकच ओळ ठेवली आणि त्याला नाव दिलं, 'जावईबापू'.