सोनबाकाकांची देवळी

राळेगावच्या स्टँडवर कंडक्टरनं एसटीच्या खिडकीतूनच सांगितलं, "तुमचे सोनबाकाका गेले." हातातल्या पिशवीसकट मी भर उन्हात खाली बसलो... त्याला आता महिना होईल. माझं बोलणं निम्मं सोडून ऐकायची गावाची रीत आहे. आज तशी गरज पडणार नाही. फक्त भिंतीपुरतं सांभाळून घ्या.

काकांचं जुनं घर काळ्या जमिनीवरचं. उन्हाळ्यात जमीन फाटली की भिंतही उलायची. एकदा भेगेत शिरलेली आमची बकरी पोळ्याला पिलांसकट बाहेर आली, असं मी चारचौघांत सांगत असे. पण भेग पडायची ती नेमकी जुन्या देवळीच्या कडेनं. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन आल्यावर काकांनी देव नदीत सोडले आणि तो कोनाडा चिखलानं बुजवला. दर उन्हाळ्यात भिंत त्याचा चौकोन पुन्हा काढून दाखवी. येणारेजाणारे म्हणत, "सोनबा, देव वापस येऊन राह्यले काय बे?" काका मान खाली घालून चिखलात कुटाराचा भुसा कालवत बसत. वस्तीत सगळ्यांत आधी देव त्यांनीच उचलले होते; आता घरच त्यांची चुगली करत होतं.

पुढं त्यांच्या मुलीला, शांतीला पाहायला पाव्हणे यायचे ठरले. भारी कडक माणसं, जुन्याची खूण दिसली तर पाणी न पिता उठतात, असं ऐकलेलं. सोयरीक मोडायच्या धास्तीनं काकांनी आणि मी सकाळीच भेगांवर जाड चिखल थापला. तिथंच चुकलं. सगळी भिंत पांढरी आणि मधोमध ओला काळा चौकोन, पार यवतमाळहून दिसेल असा. मुलाची आत्या नेमकी त्याच्याखाली बसली.

"हे काय होय?"

"अलमारी करून राह्यलो, पुस्तकायची," मी ठोकून दिलं. काका माझ्याकडं बघेनात. तेवढ्यात तो गिलावा आतल्या बुजवणीसकट सुटला आणि आत्याबाईंच्या पोह्यांवर पडला.

आत नुसती काजळी. काकांनी टोपी काढून हातात धरली. "दिवा नाही लावला बाई, तवापासून... खरं सांगतो."

आत्याबाई उठल्या, देवळीत हात फिरवला. "रिकामीच तं हाय. मंग झाकता कायले? आमच्या घरच्या देवळीत मी मीठ ठेवतो."

सोयरीक जमली. काका मात्र कितीतरी दिवस वर बघत नव्हते, आणि मीही. त्यानंतर त्यांनी देवळी कधी बुजवली नाही. तीत चष्मा ठेवू लागले.

परवा शांतीला भेटायला गेलो. भिंत उललेली, देवळीत दोरा बांधलेला चष्मा. बाहेर पुण्यानुमोदनाला माणसं जमत होती. अंगणात सारवायला चिखल कालवून ठेवलेला दिसला आणि माझा हात आपसूक त्यात गेला. दोन बोटं भेगेत दाबली असतील, तोच दारातून शांती म्हणाली, "दादा, कोणापासून झाकून राह्यला?"

अलमारीची थाप तोंडाशी आली होती; मी बोटं भेगेतून काढून घेतली.

"हात धू," ती म्हणाली, "चहा ठेवला हाय."

मी हात धुतले. माझ्या बोटांचे ठसे भेगेच्या तोंडाशी ओलेच होते, वर काकांचा चष्मा.