खंडेनवमीचा कॉम्प्युटर

आमच्या लॅबमध्ये शोधांपेक्षा किस्सेच जास्त घडतात! शोधाला कॉम्प्युटर लागतो, किश्शाला गणूमामा पुरतात.

गणूमामा आमचे शिपाई, कळंबचे, घरी भातशेती. भाताच्या अंगात जंतूंना मारणारी चिमुकली प्रथिनं असतात, पेप्टाइड म्हणतात त्यांना. ती भातावरच्या करपा रोगाच्या बुरशीशी कशी झुंजतात, हे आमची वैशाली कॉम्प्युटरवर झुंज लावून बघते. तिच्या पहिल्याच दिवशी मामांनी विचारलं, "भात कुठंय?"

"कॉम्प्युटरमध्ये, मामा."

"मंग पाखरं तरी खात नसतील!"

*

वैशालीचे बाबा भिवपुरीचे. लेक भाताच्या रोगावर पीएचडी करते, हे गावभर सांगून झालेलं. एक दिवस शेजारचे काका करप्याची पानं घेऊन थेट लॅबमध्ये हजर! "पोरी, औषध दे."

"काका, अजून सगळं कॉम्प्युटरमध्येच आहे हो."

काकांनी पानं अलगद कीबोर्डवर ठेवली. "मंग ह्यालाच दाखव."

*

एसी एकच, तोही कॉम्प्युटरसाठी. मे महिन्यात आम्ही सगळे तिथंच जेवायचो. आमचे गाईड सर कडाडले, "ही लॅब आहे की खानावळ?" दुसऱ्या दिवशी सर स्वतःच डबा घेऊन आले!

*

गेल्या वर्षी वैशालीची शेवटची झुंज कॉम्प्युटरवर बावीस दिवस चालू होती. सगळा थीसिस त्या झुंजीवर अडलेला. खंडेनवमीला लॅब बंद. मामांनी येऊन कॉम्प्युटर पुसला, झेंडूचा हार घातला आणि बटण बंद केलं. त्या दिवशी हत्यारांना विसावा, घरी कोयतासुद्धा कोणी उचलत नाही!

बावीस दिवस पाण्यात! मी मामांवर असा भडकलो की विचारू नका. वैशाली रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "मध्येमध्ये सेव्ह करायचं मीच विसरले रे. मामांना बोलू नकोस." मामा कोपऱ्यात मान खाली घालून उभे. मला माझीच लाज वाटली.

*

सरांनी कशीबशी यंदाच्या दिवाळीपर्यंत मुदत आणली. पण काही ना काही बिघडत, रखडत, नव्या झुंजीचा शेवटचा दिवस नेमका खंडेनवमीलाच आला! मी सकाळीच लॅब गाठली.

आत कॉम्प्युटरसमोर स्टूल टाकून मामा बसलेले. अंगात सणाचा सदरा. स्क्रीनवर आकडे पळत होते.

"मामा, आज घरी पूजा नाही?"

"हाय की. घरचे करतील."

"मग तुम्ही इथं?"

"यंदा ह्याला सुट्टी नाय," मामा म्हणाले, "मंग मला कशी असंल?"