चारी कोपरा शेतस

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण टपालनानांचं आहे. आई-वडिलांचं ऋण तर आहेच. पण आमच्या घरातून पहिल्यांदा कोणी कॉलेजची पायरी चढलं ते या माणसामुळे. म्हणून त्यांचं नाव आधी.

नाव तरी कसलं, सटाण्याच्या अलीकडच्या आमच्या गावात लहानथोर सगळे त्यांना टपालनानाच म्हणायचे. खाकी शर्ट, कॅरिअरला बांधलेली थैली आणि घंटी नसलेली सायकल. घंटीची त्यांना गरजच नव्हती. एखाद्या घराचं कार्ड असलं की नाना गल्लीच्या तोंडाशी उतरायचे, सायकल कमरेला टेकवून उभी ठेवायचे, कार्ड दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरायचे आणि आमच्या अहिराणीत ओरडायचे,

"चारी कोपरा शेतस वं माय!"

चारही कोपरे आहेत. खेड्यात दिवस काढलेल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. मयताची बातमी देणाऱ्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. तसं कार्ड उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, दारातच वाचून तिथंच फाडून टाकायचं. बाकीची कार्डं घरात यायची आणि वाचून झाली की खुंटीवरच्या तारेत ओवली जायची. अक्षर न ओळखणाऱ्या बाईलाही कोपरा वाचता यायचा. पोस्टमन दिसला की गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या त्या याच कोपऱ्यापायी.

या हाकेची सुरुवात एका बकरीमुळे झाली. नाना एका ओट्यावर मनीऑर्डरीचे अंगठे घेत होते, तेवढ्यात शेजारच्या बकरीने थैलीत तोंड घालून एका कार्डाचा कोपरा खाल्ला. ज्या घरचं कार्ड होतं तिथल्या म्हातारीने ते लांबूनच पाहिलं आणि हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली. नाना सांगतायत, कोणी ऐकेना. शेवटी त्यांनी बकरीला कान धरून दारात आणलं आणि म्हणाले, "हाई पहा! बकरीनी खादा कोपरा, यमनी नही!" बकरी अजून चघळत होती. रडता रडता म्हातारी हसली, आणि त्या दिवसापासून नाना आधी लांबून हाक देऊ लागले, मग घरापाशी जाऊ लागले; कोपरा फाटका असला तर हाकेवाचून जायचे.

कार्ड उघडंच असतं, पण नाना ते कधी वाचत नसत. कोणी विचारलं, "नाना, काय लिखेल शे?" तर ठरलेलं उत्तर यायचं, "पत्ता मना, मजकूर तुमना." पत्ता माझा, मजकूर तुमचा. पारावरची टवाळ पोरं म्हणायची, नानांना वाचताच येत नाही. नाना हसायचे. लोकांची खाजगी गोष्ट उघड्या कार्डावर हातात येते, तिच्यावर आपली नजर पडू द्यायची नाही, हा त्यांचा धर्म होता. हाच धर्म पुढे त्यांना नडला.

मी सातवीत होतो. आखाजी तोंडावर आली होती. आमच्या बागलाणात आखाजी म्हणजे माहेराचा सण. सासुरवाशिणींना न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझ्या आईला एकच भाऊ. मामा सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला होता. येण्याआधी तो कार्ड टाकायचा आणि त्या कार्डात माझ्यासाठी एक ओळ असायची – भाच्याला शिकेल तितकं शिकवू. आईने सांजोऱ्यांसाठी रवा काढून ठेवला होता. शेजारच्या निंबाला झोका बांधला होता, पोरी गाणी म्हणत होत्या.

गल्लीच्या तोंडाशी नाना उतरले. कार्ड डोक्यावर धरलं. आमच्या घराकडे पाहून ओरडले,

"चारी कोपरा शेतस वं माय!"

आई पिठाच्या हातांनी बाहेर धावली. अंगणभर ओरडत धावली. "मना भाऊनं कार्ड उनं! मुराळी येई ऱ्हायना मना भाऊ!" तिने झोक्यावरच्या पोरींना सांगितलं, समोरच्या काकूंना सांगितलं. नानांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. नानांनी तो तोंडात टाकला आणि कार्ड माझ्याकडे दिलं, कारण घरात वाचणारा मीच.

अक्षर मामाचं नव्हतं. मजकूर हिंदीत होता. मामाच्या खोलीत राहणाऱ्या दूरच्या मुलखातल्या कामगाराने लिहिलं होतं. त्याच्या गावाकडे कोपरा फाडायची रीत नसावी. पहिली ओळ होती, "यहाँ सब कुशल है, आपकी कुशलता चाहते हैं." मी ती मोठ्याने वाचली. आई म्हणाली, "वाच, कधी येस ते वाच." मी पुढे वाचत गेलो. शब्द आधी तोंडातून बाहेर पडत होते आणि अर्थ नंतर कळत होता. मामा तापाने गेला होता. अग्नीही देऊन झाला होता.

झोका थांबला, तेवढं मला आठवतं. आई अंगणातच खाली बसली. पिठाचे हात तिने मांडीवर उलटे ठेवले होते, लुगड्याला पीठ लागू नये म्हणून ठेवतात तसे.

नाना पुढे आले. त्यांच्या एका गालात अजून गूळ होता. तो त्यांनी बाजूला जाऊन थुंकला. मग माझ्या हातून कार्ड घेतलं आणि लिहिणाऱ्याने जो कोपरा फाडायला हवा होता तो फाडला. मग उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं कार्ड फाडलं, अगदी बारीक.

दिवसकार्य उरकून आई-वडील सुरतेहून परतले तेव्हा नाना दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. आईच म्हणाली, "कोपरा तर व्हतात ना चारी, नाना. तुमनं काय चुकनं?" तिला वाटलं, आपण त्यांचं समाधान केलं. पण त्या वाक्याने नाना जास्तच खचले. मान खाली घालून निघून गेले.

त्यानंतर ती हाक बंद झाली.

नानांनी सायकलला घंटी बसवून घेतली. लोकांना ती घंटी आवडेना. दूधवाल्याचीही तशीच, बर्फवाल्याचीही तशीच. एका आजीने विचारलं, "नाना, तोंड शिवं का काय?" नानांनी नुसती घंटी वाजवली. आणखी एक बदल झाला, तो गावाला जास्त टोचला. नाना वेशीबाहेरच्या चिंचेखाली थांबून सगळी कार्डं वाचू लागले. एकेक, सावकाश, ओठ हलवत. वाईट असेल त्या घरी आधी शेजाऱ्यांना बोलावून मग कार्ड द्यायचे. पाकीट असलं तर घरचे ते फोडून वाचेपर्यंत दारातच थांबायचे. कोणाची सोयरीक मोडली, कोणाच्या पोराने पैसे मागितले, सगळं नानांना ठाऊक, अशी कुजबुज सुरू झाली. पारावर कोणीतरी मोठ्याने विचारायचं, "काय नाना, आमनं बी वाचं का?"

"हा. वाचं."

एवढंच. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या मजकुरावर नजर टाकली नाही, तो हे भर पारावर कबूल करायचा. लोक हसायचे. मला त्या वयातही ते हसू सहन होत नसे.

बारावीनंतर मला नाशिकला कॉलेजात जायचं होतं. आईने साफ नकार दिला. "शहरमा गयेल माणूस येत नही, त्यानं कार्ड येस," ती म्हणाली. वडिलांनी समजावलं, सरांनी समजावलं. आई भिंतीकडे तोंड करून बसायची. मी आशा सोडली होती, शेतमजुरीला जाऊ लागलो होतो. मग एक दिवस नाना आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याच्या आत येऊन बसले.

"माय, आठवडाले एक कार्ड धाडी हाऊ. पहिले मी वाचसू, मंग तुनाकडे आणसू. काही वाईट राहिनं तं मीच येसू सांगाले. वरडाव नही."

आईने भिंतीकडचं तोंड वळवलं आणि म्हणाली, "कोपरा मी हातखाल पाहसू."

असा सौदा ठरला आणि मी नाशिकला आलो. दर आठवड्याला होस्टेलबाहेरच्या लाल पेटीत कार्ड टाकायचो. गावी नाना ते चिंचेखाली वाचायचे, घंटी वाजवत आमच्या दारात यायचे आणि न बोलता आईपुढे धरायचे. आई चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवायची. मग नाना वाचून दाखवायचे. वाचताना गाळायचेही, पदरचं घालायचेही. एकदा मी मेसचं जेवण निकृष्ट असल्याचं लिहिलं होतं. सुट्टीत गेलो तर आई शेजारणीला सांगत होती, पोराला तिथं रोज दूध-पोळी मिळते. मी नानांकडे पाहिलं. ते सायकलची साखळी बसवण्यात गुंतले होते. निघताना हळूच म्हणाले, "खोकला लिखू नको रे पोऱ्या. तुनी माय झोपत नही."

माझं कार्ड आईआधी नाना वाचतात, म्हणून मी शेवटी एक ओळ नानांसाठी लिहू लागलो. तिचं उत्तर कधी आलं नाही. फक्त आई सांगायची, शेवटची ओळ नाना मनातच वाचतात.

पदवीचं प्रमाणपत्र मी मुद्दाम गावच्या पत्त्यावर मागवलं. मनात एक बेत होता. टपालाने आलेली एवढी चांगली बातमी आमच्या गल्लीत आधी कधी आली नव्हती. आज तरी नाना ओरडतील. मी त्यासाठी गावी जाऊन बसलो. आईलाही सांगितलं होतं, शेजारीही ओट्यावर होते. नाना आले. जाड पुठ्ठ्याचं पाकीट होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं, छातीपर्यंत आणलं. तोंड उघडलं. आम्ही सगळे वाट पाहत राहिलो.

मग पाकीट काखेत धरून त्यांनी घंटी वाजवली.

त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला. मी म्हणालो, "नाना, आज तरी..." ते म्हणाले, "मजकूर मी कोठे पाह्यना, बापू. बंद शे ते." विद्यापीठाचं पाकीट, आत दुसरं काय असणार! पण त्यांचा आता कुठल्याच कोपऱ्यावर भरवसा उरला नव्हता.

पुढे नाना निवृत्त झाले आणि मुलाकडे सटाण्यात राहायला गेले. मला नाशकात नोकरी लागली, वडील गेल्यावर आई माझ्याकडे आली. आता सगळ्या बातम्या फोनवर येतात, चांगली आणि वाईट एकाच आवाजात वाजते. तुमचाही जीव अवेळी आलेल्या फोनने दचकतो ना? तेव्हा मला वाटतं, लांब गल्लीच्या तोंडाशी उभं राहून आपल्याला आधी सावध करणारा माणूस आता कुठे मिळणार.

गेल्या पावसाळ्यात नानांच्या सुनेचा फोन आला. नानांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं अस्पष्ट झालं. मी भेटून आलो. त्यांनी मला ओळखलं, पण नजर सारखी खाली. आईचं नाव काढलं तेव्हा डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांनंतरही ते आमच्या अंगणातच उभे होते. हा माणूस हेच ओझं घेऊन जाणार, या विचाराने मला चैन पडेना. तोंडी सांगून काही होणार नव्हतं. तोंडी तर आईने केव्हाच सांगितलं होतं. शेवटी मी पोस्टात गेलो आणि एक कार्ड घेतलं.

आठवड्याभराने पुन्हा सुनेचा फोन. ती शहरात वाढलेली मुलगी, अहिराणी तिला फारशी येत नाही. म्हणाली, "भाऊ, तुमचं कार्ड आलं. नानांनी तीन-चार वेळा वाचलं. मग हट्टच धरला, बाहेर न्या म्हणून. यांनी धरून फाटकापर्यंत नेलं. तिथं वळून उभे राहिले, घराकडे तोंड करून. डाव्या हाताने कार्ड वर धरलं आणि काहीतरी ओरडायला लागले. आवाज नाही निघाला नीट. चारी... असं काहीतरी. आम्हाला काही कळलं नाही. तुम्हाला कळतंय का?"

मी हो म्हणालो.

दिवाळीच्या आधी नाना गेले. ती बातमीही फोनवरच आली. मी मात्र सटाण्याहून परतल्यावर एक कोरं कार्ड घेतलं, त्याचा कोपरा फाडला आणि दाराबाहेर उभं राहून त्याचे तुकडे केले. आई शेजारी उभी होती.

त्यांना पाठवलेलं कार्ड असं होतं:

तीर्थरूप टपालनाना यांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही आधी मजकूर वाचाल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, आम्ही सगळे सुखरूप आहोत. वाईट काही नाही. खोकलाही नाही.

चारी कोपऱ्यांना जे कुंकू दिसतं आहे ते आईने स्वतःच्या बोटाने लावलं आहे. ती सांगते ते तिच्या शब्दांत लिहितो. तुम्ही हाक दिलीत तिथपासून पोराचं वाचून होईपर्यंत माझा भाऊ माझ्यासाठी वाटेवर होता. मुराळी येतो म्हणून मी अंगणभर धावले. कोपरा फाटका असता तर तेवढंही मला मिळालं नसतं. दर आखाजीला मला ते धावणं आठवतं, रडणं नंतर आठवतं. नानांना सांग, तो गूळ मी खुशीने दिला होता.

नाना, शेवटची ओळ नेहमीसारखी तुमच्यासाठी. पण ही मनात वाचू नका. कोपरे चारही आहेत, हाताने पाहा, आणि एकदा ओरडा.

तुमचा,
पोऱ्या